ताणातले पीक आणि संजीवकांचा निरोप
शेतकरी गटांच्या अभ्यासासाठी पाठ

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. माढा तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवर बचत गटाची बैठक होती. पाऊस दीड महिना रुसलेला, पेरणी तोंडावर आलेली. बैठक उठता उठता एका आक्कांनी पिशवीतून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

“दादा, दुकानदार म्हणला, हे फवारलं की पाण्याबिगर ज्वारी हलत नाही. खरं हाय का?”

बाटलीवर टपोऱ्या कणसाचे चित्र होते आणि मोठ्या अक्षरांत ‘चमत्कारी’ हा शब्द होता. आत काय आहे, किती टक्के आहे, याचा मात्र कुठेच पत्ता नव्हता. किंमत साडेसहाशे रुपये. हे पैसे आक्कांनी ऊसतोडीच्या उचलीतून दिले होते. उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाचे पैसे. थंडीत पहाटे तीनला उठून, लेकरांना कोपीवर झोपवून, हातात कोयता घेऊन ते फेडावे लागतात.

मी देवशिक्षणाची पदविका घेतलेला माणूस. शेतीशास्त्र मी शाळेत शिकलो नाही. म्हणून त्यांना एवढेच म्हणालो, “आक्का, आज सांगता येत नाही. विचारून येतो. तोवर बाटली उघडू नका.” नंतर जाणकारांना विचारले, पुस्तके चाळली. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा पाठ. गटात कोणीतरी मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत, अशा बेताने तो लिहिला आहे.

१. ताण म्हणजे काय?

‘ताण’ हा शब्द आपल्याकडे नवा नाही. डाळिंबवाल्याला विचारा. बहर धरायचा असेल तर तो बागेचे पाणी तोडतो आणि म्हणतो, “बाग ताणावर सोडली.” झाडाला जगायला जे लागते ते कमी पडले किंवा जे सोसवत नाही ते अंगावर आले, म्हणजे ताण.

पिकावरचे ताण अनेक. पाण्याचा ताण आपल्या रोजच्या ओळखीचा, कारण सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. चैत्र-वैशाखातली उष्णता हा दुसरा ताण. तिसरा क्षारांचा. कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे जास्त दिले की जमीन खारवट किंवा चोपण होते. पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही. चौथा पाणी साचण्याचा. काळ्या रानात तूर दोन दिवस पाण्यात उभी राहिली की पिवळी पडते, कारण मुळांना हवा मिळत नाही.

कीड नाही, रोग नाही, तरी पीक खचते. शास्त्रज्ञ याला ‘अजैविक ताण’ म्हणतात. हा विषय इतका मोठा ठरला की त्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगावला एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्था सुरू केली.

२. झाडाचे स्वतःचे निरोपे

झाडाला पळून जाता येत नाही. ऊन लागले म्हणून ज्वारी लिंबाखाली जाऊन बसत नाही. मग ती करते काय? तिच्या अंगात निरोप फिरतात. मुळे पानांना कळवतात, पाने शेंड्याला कळवतात. हे निरोप नेणारी द्रव्ये झाड स्वतःच, अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार करते. त्यांना संजीवके किंवा वाढनियामके म्हणतात. मुख्य पाच अशी:

ऑक्झिन. शेंड्यात तयार होते, खोडाची वाढ आणि मुळे फुटणे सांभाळते. डाळिंबाची गुटी बांधताना जी मुळ्या फुटायची पावडर लावतात, ती याच घराण्यातली.

जिबरेलिन. पेरे लांबवते, फळ फुगवते. हे सापडले ते भाताच्या एका रोगातून. जपानमध्ये काही रोपे उगाच उंच होऊन मरत. त्यांच्यावरच्या बुरशीच्या रसानेच ती उंची वाढते, हे कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवले. आज तेच द्रव्य ‘जीए’ या नावाने द्राक्षाचे मणी लांबवायला वापरतात.

सायटोकायनिन. मुख्यतः मुळांच्या टोकांत तयार होते, पेशींची संख्या वाढवते आणि पान हिरवे ठेवते. मुळे कोरडी पडली की याचा पुरवठा घटतो आणि खालची पाने आधी पिवळी होतात.

इथिलीन. हा वायू आहे. फळ पिकवणे, पान गाळणे ही त्याची कामे. आढीत एक आंबा पिकला की शेजारचेही पिकू लागतात, ते याच्यामुळे.

ॲब्सिसिक आम्ल. हा दुष्काळाचा निरोप्या. १९६० च्या दशकात याचा शोध लागला. आपल्या पाठाचा मुख्य पाहुणा हाच.

यांच्या जोडीला ब्रासिनोस्टेरॉइड आहे. ते १९७९ मध्ये मोहरीवर्गीय पिकाच्या परागकणांतून शुद्ध रूपात वेगळे केले गेले. सॅलिसिलिक आम्लही आहे. विलो नावाच्या झाडाच्या सालीवरून त्याला हे नाव मिळाले. ताण सोसताना ही दोन्ही झाडाच्या मदतीला येतात.

३. दुपारी बारा वाजता ज्वारीच्या पानात

आता रान डोळ्यांपुढे आणा. पोटरीतली ज्वारी, जमिनीला भेगा पडू लागलेल्या.

पानाच्या पाठी-पोटावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक छिद्राला दोन दारे. दारे उघडी असली की हवेतला कार्बन वायू आत येतो आणि त्यापासून पान अन्न बनवते. पण त्याच दारातून पाण्याची वाफही बाहेर जाते. अन्न हवे तर पाणी घालवावे लागते, हा झाडाचा रोजचा व्यवहार.

माती सुकू लागली की मुळांत आणि पानांतही ॲब्सिसिक आम्ल वाढते. ते दारांशी पोचले की दारांच्या पेशींतले पोटॅश बाहेर पडते, त्यामागोमाग पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि दार मिटते. वाफ थांबते. ज्वारी पान गुंडाळून घेते. पानावरचा पांढुरका मेणाचा थरही पाणी राखतो. पाऊस येईपर्यंत ती थांबते आणि ओल मिळाली की पुन्हा चालू लागते.

पण दार मिटले म्हणजे कार्बन वायूही थांबला. अन्न बनणे थांबले. वाफ जात नाही म्हणून पान तापते. तापलेल्या पानात प्राणवायूची घातक रूपे तयार होऊन पेशींची आवरणे पोखरतात. म्हणजे झाड वाचते, पण त्याची किंमत दाण्याने मोजते. जगणे आणि पिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढे कळले की पुढचे सगळे सोपे आहे. संजीवक म्हणजे पाणी नव्हे आणि खतही नव्हे. तो निरोप आहे. आहे ते पाणी कसे खर्चायचे, एवढेच तो सांगतो. घरात ज्वारीच नसेल तर भाकरी कशी थापायची हे सांगून काय उपयोग?

४. बाहेरून दिलेले संजीवक काय मदत करते?

निरोप बाहेरूनही देता येतो. शेतीत तो चार कामांसाठी वापरतात.

पहिले, वरची वाढ रोखणे. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे ‘सीसीसी’ किंवा बाजारातले लिहोसिन, झाडात जिबरेलिन बनू देत नाही. पेरे आखूड होतात, पाला आटोक्यात राहतो, पाण्याचा खर्च कमी होतो. कोकणात हापूसला नेमाने मोहोर यावा म्हणून वापरतात ते पॅक्लोब्युट्राझोलही असेच काम करते. कोरडवाहू ज्वारीचे बी सीसीसीच्या सौम्य द्रावणात भिजवून, सुकवून पेरण्याचीही पद्धत आहे.

दुसरे, फूल आणि फळ धरून ठेवणे. उष्णतेच्या ताणात मिरचीची, कापसाची फुलगळ होते. अशा वेळी ऑक्झिन घराण्यातले एनएए अगदी थोड्या मात्रेत फवारतात.

तिसरे, पान हिरवे ठेवणे आणि झीज भरणे. सायटोकायनिन, होमोब्रासिनोलाइड आणि सॅलिसिलिक आम्ल यांचे काम हे. प्राणवायूच्या घातक रूपांना निकामी करणारी पाचकद्रव्ये झाडाकडे असतातच. त्यांना ही द्रव्ये जागे करतात. म्हणून ती ताण टिपेला पोचण्याआधी मिळाली तर उपयोग होतो. पान करपून गेल्यावर निरोप घ्यायला कोणी उरत नाही.

चौथे, ताणाचाच उपयोग करून घेणे. डाळिंबाचे पाणी तोडून झाड ताणावर ठेवतात, मग इथ्रेल, म्हणजे इथिलीन सोडणारे औषध, फवारून पानगळ करतात. पुढे हलकी छाटणी, खत आणि पाणी. झाड फुलावर येते. पण झाडाने आधी अन्न साठवलेले असेल तरच. अशक्त झाडावर जास्त इथ्रेल मारले तर पानेही जातात आणि फुटवाही धड येत नाही.

दोन गोष्टी संजीवके म्हणून विकल्या जातात, पण त्या संजीवके नाहीत. कोरड्या खंडात १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, फवारतात. ते अन्नद्रव्य आहे. केओलीन ही पांढरी माती आहे. ती पानावर बसून ऊन परतवते. दोन्ही उपयोगी आहेत, फक्त नावे नीट ठाऊक असावीत. नाव ठाऊक नसेल तर भाव ठरवता येत नाही.

५. चिमूट आणि मूठ

संजीवकात मात्रेला फार महत्त्व आहे. २,४-डी हे तणनाशक आपल्याला माहीत आहे. तेही ऑक्झिनच्याच घराण्यातले. म्हणजे या घराण्यातला एक जण चिमटीभर दिला तर फूल धरतो आणि दुसरा मूठभर दिला तर तण मारतो. शेजारच्या उसात मारलेले २,४-डी वाऱ्याने द्राक्षबागेत गेले की पाने पंख्यासारखी आकसतात. हा अनुभव आपल्या भागात अनेकांनी घेतला आहे.

मात्रा ‘पीपीएम’मध्ये सांगतात. १ पीपीएम म्हणजे १ लिटर पाण्यात १ मिलीग्रॅम. हिशेब असा करायचा:

समजा ५०० पीपीएम सीसीसी हवे आहे आणि बाटली ५० टक्क्यांची आहे. म्हणजे १ मिलीत ५०० मिलीग्रॅम. तेव्हा १ लिटरला १ मिली, १० लिटरला १० मिली.

समजा २० पीपीएम एनएए हवे आहे आणि बाटली साडेचार टक्क्यांची आहे. म्हणजे १ मिलीत ४५ मिलीग्रॅम. १० लिटरला हवे २०० मिलीग्रॅम. २०० भागिले ४५, म्हणजे साधारण साडेचार मिली.

पाहा, पंपात पडणारे औषध अगदी थोडे आहे. बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतणाऱ्याचा इथेच घात होतो. (हे आकडे हिशेब शिकण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष मात्रा त्या पिकाच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावी.)

जास्त मात्रेचा फटका एका शेतापुरता राहत नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत याच सीसीसीचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला. माल अडकला आणि महाराष्ट्रातल्या बागायतदारांना मोठा तोटा सोसावा लागला. वेल आटोक्यात ठेवण्यासाठी दिलेले औषध मण्यापर्यंत पोचले होते.

६. बाटलीच्या आधी

आपल्या गटातल्या बहुतेकांकडे एक-दोन एकर हलके रान आहे. तिथे पिकाच्या स्वतःच्या निरोप्यांना बळ देणारी कामे आधी करावीत. ती स्वस्त आहेत.

वाण जमिनीप्रमाणे घ्यावे. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्या शेजारी मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडले गेले. ताण सोसण्याचा गुण त्याच्या रक्तातच आहे. पण ते मध्यम रानाचे. हलक्या रानासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले अनुराधा दिले आहे, हलक्या ते मध्यम रानासाठी फुले माऊली. भारी रानात फुले वसुधा. बरड रानात भारी रानाचे वाण पेरून मग बाटली शोधू नये.

बी भिजवून पेरावे. रात्री आठ-दहा तास साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वरवर सुकवून पेरले की उगवण लवकर आणि सारखी होते. रोप लवकर उभे राहिले की मूळ ओलीच्या मागे खाली जाते. मात्र पेरणीच्या वेळी रानात पुरेशी ओल हवी. कोरड्यात भिजवलेले बी वाया जाते.

बीजप्रक्रिया करावी. काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक आणि नंतर २५ ग्रॅम ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम. हे जिवाणू मुळांभोवती राहून थोडे ऑक्झिनही बनवतात. मुळ्या जास्त फुटतात. म्हणजे हे स्वस्तातले, जिवंत संजीवकच.

कोळपणी चुकवू नये. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपावे. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने, भेगा बुजवण्यासाठी. भेगेतून उडणारी ओल कोणतेही औषध परत आणत नाही.

एखादे संरक्षित पाणी मिळत असेल तर पीक पोटरीत आणि फुलोऱ्यात असताना त्याची किंमत सर्वांत जास्त असते.

एवढे करूनही संजीवक वापरायचे असेल तर वापरावे. ते वाईट नाही. फक्त ते शेवटचे काम आहे, पहिले नव्हे.

७. दुकानात उभे राहिल्यावर

जीए, सीसीसी, एनएए, इथ्रेल यांसारखी संजीवके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. समुद्रशेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल यांसारख्या ‘जैव-उत्तेजकां’साठी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात नियम आले. म्हणून बाटली हातात घेऊन पाच गोष्टी पाहाव्या किंवा शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्याव्या:

आतल्या द्रव्याचे नाव आणि टक्केवारी. नोंदणी क्रमांक. कोणत्या पिकासाठी. बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख. आणि पक्के बिल.

यांतले एक जरी नसले तर बाटली परत ठेवावी. “बिल नको, स्वस्तात देतो” म्हटले तर दुकानातून बाहेर पडावे. शंका असेल तर मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. विचारण्याचे पैसे पडत नाहीत.

फवारताना सकाळ किंवा संध्याकाळ निवडावी. भर उन्हात पर्णरंध्रे मिटलेली असतात आणि थेंब पानावरच वाळतात. तोंडाला फडके, हातात मोजे. दोन औषधे मनाने मिसळू नयेत. रिकामी बाटली पाणी, तेल किंवा रॉकेल भरायला घरात आणू नये. ती भोके पाडून निकामी करावी. वस्तीवर लहान लेकरे असतात, म्हणून ही सूचना दोनदा वाचावी.

आणि एक सवय लावून घ्या. फवारणी करताना चार ओळींचा एक पट्टा तसाच सोडा. काढणीच्या वेळी दोन्हीकडची सारखी लांबी मोजून कणसे वेगवेगळी मळा आणि वेगळी तोला. फरक दाण्यात दिसला तर पुढच्या वर्षी घ्या. नाही दिसला तर पैसे वाचवा. दुकानदाराचा शब्द, माझा शब्द आणि हा पाठ, यांपेक्षा तुमच्या रानातला तो पट्टा खरे बोलेल.

८. आक्कांचे उत्तर

पंधरा दिवसांनी मी पुन्हा वस्तीवर गेलो. आक्कांना म्हणालो, “बाटलीत काय हाय ते लिहिलेलंच नाही. त्यामुळं ते खरं की खोटं हे कुणालाच सांगता यायचं नाही. पण पाण्याबिगर पीक आणणारं औषध कुठंच नाही, एवढं पक्कं.”

त्या गप्प बसल्या. दुकानदाराने बाटली परत घेतली नाही, बिल नव्हते. साडेसहाशे रुपये गेले ते गेले. मीही त्यांना ते मिळवून देऊ शकलो नाही, ही गोष्ट मनात सलते. पण त्या वर्षी आक्कांनी बी भिजवून पेरले, तिन्ही कोळपण्या केल्या. आता वस्तीवर कोणी नवी बाटली आणली की आधी आक्का ती उलटीपालटी करून विचारतात, “नाव कुठं हाय आतल्याचं?”

त्यांना वाचता येत नाही. पण प्रश्न कोणता विचारायचा ते आता येते.

गटात चर्चा करा

१. आपल्या रानावर मुख्य ताण कोणता आहे: पाण्याचा, उष्णतेचा, क्षारांचा की पाणी साचण्याचा?
२. पर्णरंध्रे मिटल्याने झाडाचा फायदा काय आणि तोटा काय?
३. संजीवक, खत आणि पाणी यांत फरक काय? आपल्या शब्दांत सांगा.
४. गेल्या वर्षी गटातल्या प्रत्येकाने बाटल्यांवर किती खर्च केला? त्यातल्या किती बाटल्यांचे बिल आहे?
५. या हंगामात फवारणीविना पट्टा कोण सोडणार? दोन नावे आजच वहीत लिहा.

पुढच्या बैठकीला घरातली एक तरी बाटली किंवा पुडी, तोंड घट्ट बंद करून, घेऊन या. लेबल सगळे मिळून वाचू.